मामांचा पांढरा

ज्या वस्तूच्या खोक्यावर ती वस्तू हुशार असल्याचं लिहिलेलं असतं, ती मी शक्यतो घेत नाही. हुशार माणसं तसं छातीवर लिहून फिरत नाहीत. वस्तूंनीही फिरू नये. यंत्रावर आधी संशय घ्यावा, मग वाटल्यास विश्वास, हा माझा जुना नियम. तो मोडल्याचा पश्चात्ताप मला पुष्कळदा झाला आहे. पाळल्याचा पश्चात्ताप मात्र एकदाच झाला. त्या प्रकरणात एक स्कॅनर होता, एक चपटा मॉनिटर होता आणि माझे मामा होते.

मी ग्राफिक्सचं प्रोग्रॅमिंग करतो. म्हणजे चित्रं काढत नाही. चित्र कसं काढायचं ते संगणकाला सांगतो, आणि तो चुकला की माझंच चुकलं होतं हे मान्य करायला दोन दिवस घेतो. गोंदियात हा धंदा सांगितला की लोक लग्नपत्रिकेचा भाव विचारतात. सुरुवातीला मी फरक समजावून सांगायचो. पुढे चौकातल्या प्रेसवाल्याचा भाव पाठ करून ठेवला. दोघांचाही वेळ वाचतो.

पहिला संगणक मी १९९९ साली, नागपूरला शिकत असताना, जुना म्हणून घेतला. त्याचा मॉनिटर काचेच्या नळीचा, आणि वजनाला तांदळाच्या अर्ध्या पोत्याएवढा. सुट्टीत तो मी पॅसेंजरने मांडीवर घेऊन गोंदियाला आणला. समोरच्या बाईने कितवा महिना असं विचारलं नाही एवढंच. त्या मॉनिटरबद्दल माझं मत अजूनही चांगलं आहे. तो काळा म्हणजे काळा दाखवायचा, आणि बाजूने पाहा की उभं राहून पाहा, रंगात फरक नाही. नंतर चपटे पडदे आले. त्यांच्यासमोर मान जरा कलती केली की आकाशाचा चिखल व्हायचा. दुकानदार सांगायचा, "भैया, बिजली बचती है." वाचत असेलही, पण त्या काळात आमच्याकडे ती यायचीच किती तास, की तिच्यात आणखी बचत करावी?

पुण्यात काही वर्षं नोकरी केली. तिथे प्रोग्रॅम लिहायला एक भलंमोठं सॉफ्टवेअर होतं, जे उघडेपर्यंत खाली जाऊन चहा पिऊन येता येई, आणि उघडल्यावर ते 'मी तुमची काय मदत करू' असं विचारी. मला साधी पाटी पुरते: मजकूर आणि लुकलुकणारी एक रेघ. केलेला प्रत्येक बदल नोंदून ठेवणारी साधनंही कंपनीत होती, आणि ती खरोखर चांगली होती. त्यांच्याबद्दल माझं काही वाईट मत नाही. फक्त नोकरी सोडून घरी परतल्यावर मी ती वापरायचा आळस केला. घरी मी अख्खं फोल्डर उचलून त्याची नक्कल ठेवायचो आणि तिला नाव द्यायचो: फायनल, फायनल दोन, खरं फायनल.

पुढे बोटाने चालणारे फोन आले. तेव्हा मी गोंदियात बसून परगावच्या कंपन्यांची कामं करत होतो. एक असा फोन मी मामांच्या हातात दिला. त्यांनी बोट टेकवलं, घासलं, दाबलं, फोन ढिम्म. चाळीस वर्षं धान चोळून त्या बोटाला असे घट्टे पडले होते की फोनच्या लेखी ते माणसाचं बोटच नव्हतं.

"याले म्हना, आधी मानूस ओरखाले शिक," म्हणून मामांनी तो परत दिला.

मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. आई प्राथमिक शाळेत शिकवायची, त्यामुळे तिचा 'ळ' शाबूत होता. मामांचा 'र' झालेला होता. आमच्याकडे मामा भाच्याच्या पाया पडतो. भाचा दहा वर्षांचा असो की तीस. मामा रविवारी घरी आले की आधी वाकून माझ्या पायांना हात लावत, मग चप्पल काढत. पुण्याच्या मित्रांना हे सांगितलं की ते हसतात. मीही हसतो. पण जो माणूस दर रविवारी तुमच्या पाया पडतो त्याला 'तुमचं चुकतंय' म्हणणं किती कठीण असतं, हे त्यांना ठाऊक नाही.

मामा गोंदियातल्या एका मोठ्या राईस मिलमध्ये नमुना पाहायचे. तालुक्याच्या छोट्या मिलवाल्यांकडून तांदूळ तिथे यायचा, पॉलिश होऊन रेल्वेने पुढे जायचा. पोत्यात लोखंडी परखी खुपसायची, मूठभर दाणे काढायचे, काळ्या पाटीवर पसरायचे आणि दाराच्या उजेडात पाहायचे. पिवळा दाणा किती, डाग किती, कनकी म्हणजे तुकडा किती. मग मामा म्हणत, "घ्या," किंवा म्हणत, "वापस." त्यावर अपील नव्हतं. परत पाठवलेल्या मालाचा नमुना पुडीत बांधून, चिठ्ठी लावून ते एका पत्र्याच्या पेटीत हंगामभर जपून ठेवत. उद्या कोणी भांडायला आलं तर पुडी सोडून दाखवता यावी म्हणून. कोणी येत नसे.

मी सांगतोय त्या हंगामात "वापस" फार वाढलं. गोरेगावच्या एका मिलवाल्याचा माल तर दोनदा परत गेला. हा माणूस पंधरा-वीस वर्षं माल पाठवणारा. मिलचे शेठ कुरकुरायला लागले. एके दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. मामा, ज्यांना शेठ काका म्हणत, तिथेच खुर्चीवर बसले होते.

"देखो भांजे," शेठ म्हणाले, "तू कम्प्युटर का आदमी है. चावल का फोटो निकालके मशीन बता सकती है क्या, कितना पीला, कितना टुकडा? एक सीजन दोनो चलायेंगे. काका भी देखेंगे, मशीन भी देखेगी. दोनो की बात मिली तो काका अपनी जगह पर. नहीं मिली, तो फिर सोचना पडेगा."

सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात हे बोलणं झालं. हमालांनीही ऐकलं. मामा पाटीवरचे दाणे बोटाने सारखे करत राहिले.

बाहेर आल्यावर म्हणाले, "करून टाक बाबू. मी काय मशीनले भिऊन राहिलो?"

मी भीत होतो.

काम तसं अवघड नव्हतं. स्कॅनरच्या काचेवर तांदूळ पसरायचा, वरून काळं कापड टाकायचं. चित्रातला प्रत्येक दाणा वेगळा करून त्याची लांबी मोजायची. लांबी कमी तर कनकी. रंगाचे तीन आकडे असतात, लाल, हिरवा, निळा. निळ्याचा आकडा खाली घसरला की दाणा पिवळा. पिवळेपणा म्हणजे निळ्याची कमतरता. हे मला पुस्तकातून कळलं होतं. कपडे धुणाऱ्या कोणत्याही बाईला ते आधीपासून माहीत असतं. अडचण होती ती एकमेकांना चिकटलेल्या दाण्यांची. मशीन दोन दाण्यांना एक लांबलचक दाणा समजायची. मी त्यावर आठवडाभर गणित केलं. मामांनी ते पाहिलं आणि काचेच्या कडेला अंगठीने दोनदा टकटक केली. दाणे सुटे झाले. तो आठवडा मी कोणत्याही कंपनीला हिशेबात दाखवला नाही.

तुकड्याच्या बाबतीत मामा आणि मशीन पहिल्या दिवसापासून जुळले. रंगाच्या बाबतीत जुळेनात. मामा म्हणत, "पिवरा मारते." मशीन म्हणे, पांढरा.

आता इथे माझा नियम आला: यंत्रावर आधी संशय. स्कॅनर स्वस्तातला होता. त्याचा दिवा जुना झाला की रंग बदलतो हे मला माहीत होतं. शिवाय मामा चाळीस वर्षं तांदूळ पाहत होते आणि स्कॅनर चाळीस दिवस. गोंदियाच्या कोणत्याही मिलमध्ये हा प्रश्न टाकला असता तर उत्तर एकच आलं असतं. मी निळ्याची मर्यादा जरा वर सरकवली. जुळलं. पंधरा दिवसांनी परत जुळेना. आणखी सरकवली. त्या नकलेला नाव दिलं 'मामा ओके'. मग 'मामा ओके दोन' झालं. सगळ्याच नकला खोटं बोलत नाहीत. ही बोलत होती, आणि नावासकट बोलत होती.

शेठ खूश झाले. "मशीन भी वही बोल रही है जो काका बोल रहे हैं," ते आल्यागेल्याला सांगत. गोरेगाववाल्याचा माल तिसऱ्यांदा परत गेला, आता माणूस आणि यंत्र दोघांच्या साक्षीने. मामांची खुर्ची पक्की झाली. खरं सांगायचं तर मला त्यात थोडा अभिमानही वाटत होता.

रविवारी मामा घरी येत, तेव्हा आठवड्याभरातली वादाची चित्रं मी त्यांना पडद्यावर दाखवायचो. माझा जुना मॉनिटर तोवर वारला होता आणि नाइलाजाने चपटा आला होता. मामांना तो आल्यापासून पसंत नव्हता.

"हा तर सगराच पिवरा दाखवते."

"चपटे असेच असतात मामा," मी म्हणालो. किती आनंदाने म्हणालो ते अजून आठवतं. माझं मत अखेर कोणाला तरी पटलं होतं. मी मॉनिटरच्या बटणांनी निळा रंग वाढवला. पुढच्या रविवारी आणखी वाढवला.

असं तीन-चार रविवार चाललं. मग एकदा आई चहा घेऊन आली आणि कप हातात धरून तशीच उभी राहिली.

"हे एवढं निळं काऊन करून ठेवलं?"

"मामांना पिवळं दिसते म्हणून जरा वाढवलं."

"आत्ता कुठं बरोबर पांढरं झालं," मामा म्हणाले.

आईने पडद्याकडे पाहिलं. मग मामांच्या सदऱ्याकडे पाहिलं. मीही पाहिलं. तो सदरा मी कित्येक महिने पाहत होतो. मामांनी म्हातारपणी निळसर कपडे घ्यायला सुरुवात केली आहे, बरे दिसतात, एवढंच माझं त्यावर मत झालं होतं. रंगांवर पोट भरणारा माणूस मी.

"दादा, हा सदरा कोन्या रंगाचा हाय?"

"पांढरा. मी कधी दुसरा घातला काय?"

"निळा हाय. वहिनी मले कालच सांगत होती. धुतलेला सदरा पिवळा हाय म्हणून तुम्ही रोज तिच्यावर ओरडता, अन् ती बिचारी नीळ वाढवत जाते. महिन्यात दोन बाटल्या लागून राहिल्या. मले वाटलं, तिलेच नीळ टाकता येत नाही."

मामा हसले नाहीत. मी मॉनिटरची सगळी बटणं मूळ जागी आणली आणि पूर्ण पडदा पांढरा केला.

"मामा, एक डोळा झाका."

त्यांनी उजवा झाकला. "थोडा बरा हाय."

"आता दुसरा झाका."

त्यांनी डावा झाकला. मग हात बदलून परत पाहिलं. पडदा एकच होता आणि त्याबद्दल त्यांच्या दोन डोळ्यांची दोन मतं होती. यात मॉनिटरचा दोष काढायला मला कुठेही जागा उरली नाही.

"उजव्यानं तर हा उसन्या तांदरासारखा दिसते," मामा हळूच म्हणाले. उसना म्हणजे धान उकडून मग काढलेला तांदूळ, तो पिवळसरच असतो. "अन् मी पाटी उजव्यानंच पाह्यतो."

चहा तसाच राहिला.

डॉक्टरांनी मोतीबिंदू सांगितला. दोन्ही डोळ्यांत, उजव्यात पिकलेला. डोळ्यातलं भिंग पिवळं पडत जातं, म्हणाले. हळूहळू पडतं म्हणून माणसाला कळत नाही, आजूबाजूचं जगच मळलंय असं वाटतं. मामांनी एकच प्रश्न विचारला, "कधीपासून असन?" डॉक्टर म्हणाले, वर्ष-दीड वर्ष तरी. मामा बोटांवर हंगाम मोजायला लागले.

ऑपरेशनच्या आधी ते माझ्या पाया पडायला आले. मी पाय मागे घेतले. म्हटलं, मामा, मी मशीन तुमच्या बाजूने वळवली, चूक माझी आहे. ते म्हणाले, "तू मले खोटा नाही पाडला. पाडाले पायजे होता." आणि पाया पडले ते पडलेच.

उजव्या डोळ्याची पट्टी सुटली त्या दिवशी मामी दोरीवरचे कपडे काढत होती. मामा अंगणात आले आणि थांबले.

"बाप्पा! हे तर शारेतल्या पोट्ट्यायचे सदरे हायेत. मी हे घालून मिलमंदी जात होतो? कोनी सांगतलं काऊन नाही?"

"तुमाले सांगन कोन?" मामी म्हणाली. "सांगनाऱ्यालेच वापस पाठवता तुमी."

नंतर कळलं की मिलमध्ये सगळ्यांना तो सदरा दिसत होता. हमालांमध्ये त्यावर विनोदही होते. पण निळा सदरा आणि पिवळा तांदूळ यांचा एकमेकांशी संबंध कोणी लावला नव्हता. न लावणाऱ्यांत मीही होतो, आणि मला तर रंग पाहायचेच पैसे मिळायचे.

डॉक्टरांनी मिलमध्ये जायची परवानगी दिल्यावर मामांनी पत्र्याची पेटी उघडली. मी सोबत होतो. एकेक पुडी सोडून त्यांनी काळ्या पाटीवर पसरली, दाराशी नेऊन पाहिली. काही पुड्या खरोखरच पिवळ्या निघाल्या. तेव्हा त्यांचा चेहरा जरा सैल व्हायचा. बाकीच्या ते डाव्या हाताला ठेवत गेले. गोरेगावच्या तिन्ही पुड्या डावीकडे गेल्या.

त्याच दुपारी त्यांनी शेठला सगळं सांगितलं. मीही माझ्या वाटचं सांगितलं: मशीनने मामांचं ऐकलं, कारण मी तिला ऐकायला लावलं. शेठनी आधी दार लावून घेतलं.

"काका, सीजन निकल गया. अब ये बात बाहर करने से क्या मिलेगा? मिल का नाम खराब होगा. आँख ठीक हो गयी ना? बस, चुपचाप बैठो अपनी जगह पर."

"नाही जी," मामा म्हणाले. "माल वापस गेला तो माह्या तोंडानं. तोंडानंच सांगाले लागन. मंग जागेवर ठेवा का नोका ठेवू."

"सोचके बताता हूँ," शेठ म्हणाले. हे ते नकार द्यायचा असला की म्हणत.

घरी येऊन मी 'मामा ओके' नावाची दोन्ही फोल्डरं पुसली. त्यांच्या आधीचं, ज्यात मशीन पांढऱ्याला पांढरा म्हणत होती, ते शोधायला अर्धा दिवस लागला. बदल नोंदणारी ती कंपनीतली साधनं वापरली असती तर दोन मिनिटांत सापडलं असतं. तेव्हापासून मी ती वापरतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा माझ्या मोटरसायकलवर मागे बसले. डोळ्यांना काळा चष्मा, खिशात तीन पुड्या. गोरेगावपर्यंत दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या, रिकाम्या, कापणी झालेल्या. मामा एकदाच चष्मा कपाळावर सरकवून वर पाहत म्हणाले, "आभार एवढा निरा असते, हे मी विसरून गेलो होतो."

मिलवाला हालरचा, म्हणजे धान भरडणाऱ्या यंत्राचा, पट्टा बसवत होता. पन्नाशीचा माणूस, हातांना ग्रीस. आम्हाला पाहून उठला नाही.

"या जी. आता काय वापस कराले आले? तो तांदूर तर विकून झाला."

मामांनी तिन्ही पुड्या त्याच्यासमोर पोत्यावर ठेवल्या.

"तुमचा माल पांढरा होता. तिन्ही बार. माहा डोरा पिवरा होता."

त्याने पुड्यांकडे पाहिलं. हात पुसले.

"मले माहीत होतं."

"मंग बोलले काऊन नाही?"

"तुमाले? अन् वरून मशीनबी तेच म्हनत होती म्हने." त्याने माझ्याकडे पाहिलं. "मी घरी जाऊन बायकोले दाखवला तांदूर, पोरीले दाखवला. शेवटी मलेच वाटाले लागलं का माह्याच डोऱ्यात काही असन. कमी भावात देऊन टाकला तिकडं देवरीच्या बाजूले."

"ते मी भरून नाही देऊ शकत," मामा म्हणाले. "सांगू शकतो. सेठलेबी सांगतलं. चार लोकात बलाऊन म्हनसान तर चार लोकात सांगतो."

मिलवाला उठला. आत गेला. मला वाटलं, आता तो येत नाही. मी मोटरसायकलची किल्ली हातात घेतली. मामा हलले नाहीत.

तो परत आला तेव्हा त्याच्या मुठीत तांदूळ होता. त्याने मामांचा हात ओढला आणि तळव्यावर ओतला.

"परवा काढला. आता पाहा."

मामांनी काळा चष्मा काढून खिशात ठेवला आणि दारात जाऊन उभे राहिले. तळवा डावीकडे झुकवला, उजवीकडे झुकवला. अंगठ्याने दाणे सरकवले. माझ्या मनात आलं, एवढं सगळं झाल्यावर माणूस सरळ 'चांगला आहे' म्हणेल आणि मोकळा होईल. मी म्हणालो असतो.

"रंग एक नंबर," मामा म्हणाले. "पन कनकी गंज हाय, लय तुकडा हाय. तुमचा हालर जास्त कसून राहिला. असा पाठवसान तर वापस जाईन."

मिलवाला असा हसला की आतून त्याची मुलगी काय झालं म्हणून बाहेर आली.

"बसा," तो म्हणाला. "पोरी, चहा टाक. दोन नाही, चार कप." मग पट्ट्याकडे बोट दाखवून मामांना म्हणाला, "तेच तर दुरुस्त करून राहिलो होतो सकारपासून. मंगरवारी कनकी काढून माल पाठवतो. पाहासान तुमी?"

"सेठनं जागेवर ठेवलं तर."

"मी पाठवतो चिठ्ठी. तुमी पाहनार असान तर माल येईन, नाही तर नाही येईन म्हनून लिवतो." मग माझ्याकडे वळून, "अन् तुमची मशीन काय म्हनते?"

"तिचंबी ऑपरेशन झालं," मामा माझ्याआधी म्हणाले, आणि पोत्यावर बसून तळव्यावरचा तांदूळ एका कोऱ्या कागदात बांधायला लागले.